धूमकेतूंची ‘पोस्ट ऑफिस’ नववीच्या वर्गात शिकवताना

सूरसागरकाठ

वडोदऱ्यातील एका गुजराती माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी गुजराती विषय शिकवते. घरी मराठी आणि वर्गात गुजराती हा आमच्या गावातल्या कितीतरी मराठी शिक्षकांचा नेहमीचा क्रम आहे, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. हा धागा एका कथेसाठी आहे. दर हिवाळ्यात नववीच्या मुलांना मी धूमकेतूंची ‘पोस्ट ऑफिस’ ही कथा पूरक वाचन म्हणून वाचून दाखवते, आणि ती कशी शिकवावी याबद्दल माझे जे मत होत गेले आहे ते इथल्या शिक्षकांसमोर, पालकांसमोर आणि वाचकांसमोर तपासायला ठेवायचे आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी माहिती देते. धूमकेतू म्हणजे गौरीशंकर गोवर्धनराम जोशी (1892–1965). जन्म सौराष्ट्रातील वीरपूरचा. पुढे ते अहमदाबादेत शिक्षक होते. 1926 साली त्यांच्या ‘तणखा’ कथासंग्रहाचा पहिला भाग निघाला आणि गुजराती लघुकथेला तिथून खरा बहर आला असे मानतात. ‘पोस्ट ऑफिस’ ही त्यातलीच कथा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेकांनी ती ‘द लेटर’ या नावाने वाचलेली असेल.

कथानक थोडक्यात असे आहे. अली नावाचा म्हातारा कोचमन थंडीच्या दिवसांत रोज पहाटे अंधारातच गावाच्या एका टोकाहून चालत पोस्टात येतो आणि पायरीवर बसून राहतो. त्याची एकुलती एक मुलगी मरियम लग्न होऊन लष्करातल्या नवऱ्याबरोबर पंजाबात गेली आहे, आणि पाच वर्षांत तिचे एकही पत्र आलेले नाही. आत कारकून टपाल लावताना मोठमोठ्या अधिकाऱ्यांची नावे पुकारत असतात. मध्येच कोणीतरी थट्टेने ‘कोचमन अली’ असे पुकारते, म्हातारा लगबगीने उठून दारापाशी येतो, आणि आत हशा पिकतो. पुढे अली बरेच दिवस दिसत नाही. शेवटी येतो तेव्हा तो अगदी खंगलेला असतो. पोस्टमास्तर त्याला झिडकारून निघून जातात. अली कारकुनाच्या हातात सोन्याच्या गिन्या ठेवतो आणि मरियमचे पत्र आले तर ते आपल्या कबरीवर पोहोचवण्याचे वचन घेतो. पुढे पोस्टमास्तरांची स्वतःची मुलगी परगावी आजारी पडते. तिच्या खुशालीच्या पत्राची वाट पाहताना टपालाच्या ढिगातून ते अधीरपणे एक पाकीट उचलतात, आणि त्यावर नाव असते कोचमन अलीचे.

आता शिकवण्याची गोष्ट. ही कथा वाचून झाल्यावर कोणत्याही तुकडीला ‘काय वाटले?’ असे विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते: ‘बिचारा अली!’ मुलांचे डोळे खरोखर भरून आलेले असतात, त्यात खोटे काही नसते. तरीही या उत्तरावर तास संपवला तर कथा शिकवायची राहूनच गेली असे मला ठामपणे वाटते. अलीची कीव येणे फार सोपे आहे, आणि कीव आली की वाचणारा आपोआप चांगल्या माणसांच्या बाजूला जाऊन बसतो. धूमकेतूंनी मात्र वाचकाला अलीच्या शेजारी पायरीवर बसवून सोडलेले नाही. निम्मी कथा त्यांनी आपल्याला दाराच्या आत ठेवले आहे, जिथे उजेड आहे, सोबत आहे, कामाची घाई आहे आणि एका म्हाताऱ्याच्या वेडेपणावर रंगलेल्या गप्पा आहेत. त्या खोलीतली माणसे दुष्ट नाहीत. रोज तेच तेच काम करणारी ती साधी माणसे आहेत आणि अली ही त्यांची करमणूक आहे. नववीच्या वर्गाला हे ओळखीचे नाही असे कोण म्हणेल? प्रत्येक वर्गात एक ‘अली’ असतो. त्याचे नाव हजेरीच्या वेळी विशिष्ट सुरात घेतले की मागचे बाक हसतात.

म्हणून मी आधी सारांश सांगत नाही, लेखकाचा परिचय फळ्यावर लिहीत नाही, आणि ‘पूर्वी फोन नव्हते बरे का’ अशी प्रस्तावनाही करत नाही. वाट पाहणे काय असते हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. वसतिगृहातल्या मुलाला ते माहीत असते, आईवडील वेगळे राहतात त्या मुलीला माहीत असते, आणि मोबाइलवर ‘वाचले’ अशी खूण दिसूनही उत्तर न आलेल्या प्रत्येकाला माहीत असते. मी सरळ पहिल्या वाक्यापासून मोठ्याने वाचू लागते. पहाटेचे ताऱ्यांनी भरलेले आकाश, घराघरांतून येणारी जात्याची घरघर आणि त्याबरोबरच्या ओव्यांचे सूर, कुत्र्याचे भुंकणे, थंडीत कुडकुडत जाणारा म्हातारा: हा भाग अजिबात घाई न करता वाचावा लागतो, कारण पुढे आत शिरल्यावर जो आवाज बदलतो तो याच शांततेमुळे कळतो.

कचेरीतले संवाद मात्र मी मुलांकडून वाचून घेते. यंदा कारकुनाचे वाक्य एका मुलाकडे होते. नकला करण्यात त्याचा हातखंडा आहे, त्यामुळे त्याने ‘कोचमन अली’ अशी जी हाक मारली तिने सगळा वर्ग हसला, मीही थांबवले नाही. वाचन पुढे गेले. गिन्या देण्याचा प्रसंग संपल्यावर तो मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, ‘बेन, मी ते पुन्हा वाचू का?’ मी होकार दिला. त्याने तीच हाक सरळ आवाजात, एखाद्याला खरोखरच पत्र आले असावे अशी वाचली. त्यानंतर मला वर्गाला काही सांगावे लागले नाही. मी फक्त एवढेच विचारले की, पहिल्यांदा हाक मारली तेव्हा हसण्यात कोण कोण होते, याची यादी कथेतून काढा. मुलांनी कारकून लिहिले, पोस्टमास्तर लिहिले, आणि काहींनी शेवटी ‘आम्ही’ असे लिहिले.

इथल्या जाणकारांना माझे प्रश्न आहेत. अली पूर्वी शिकारी होता, तो शिकारीचा भाग वर्गात किती विस्ताराने घ्यावा? शेवटी पोस्टमास्तरांना दारात अली दिसतो, त्या प्रसंगाचे काय करावे? आणि टपालखात्याचे जुने काम ज्यांनी पाहिले आहे त्यांनी त्या पहाटेच्या कामाबद्दल काही सांगावे, म्हणजे मुलांपुढे ते चित्र नीट उभे करता येईल.

टपालथैली

मी टपालखात्यातून निवृत्त झालो आहे. काही वर्षे रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातही होतो. बाई, आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेवढ्यावर मी अधिकाराने बोलू शकतो.

कथेत नावे पुकारण्याचे जे वर्णन आहे ते खऱ्या कामाला धरून आहे. टपालाची थैली फोडली की पत्रांवर पोहोचल्याचा शिक्का मारायचा, मग बीटप्रमाणे, म्हणजे प्रत्येक पोस्टमनच्या वाटपाच्या भागाप्रमाणे, पत्रे लावायची. ज्यांचे टपाल रोज येते अशा कचेऱ्या आणि साहेब मंडळी यांचे गठ्ठे वेगळे होत. एक जण वाचतो आणि दुसरा लावतो अशी जोडी असली की हात भराभर चालतो. पिन कोड 1972 सालच्या 15 ऑगस्टला सुरू झाला. त्याआधी सगळी भिस्त लावणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर असे. त्यामुळे रोज येणारी नावे कारकुनाच्या तोंडात बसलेली असत, आणि ज्याचे पत्र कधीच येत नाही त्याचे नाव त्या खोलीत सहसा उच्चारलेच जात नसे. अलीचे नाव तिथे उच्चारले जाते ते फक्त थट्टेसाठी, हे आपल्या मुलांना जरूर दाखवा. पोस्टमास्तर त्याला झिडकारताना, तुझ्या मरियमचे नाव काय इथे नोंदवून ठेवले आहे का, अशा अर्थाचे जे बोलतात त्याची धार त्यामुळे अधिक कळेल.

आता एक गोष्ट, जी मला ही कथा वाचताना प्रत्येक वेळी अडते. ज्याच्या नावचे पत्र आहे तो वारला असेल तर पोस्टमन पाकिटावर तसा शेरा मारतो आणि पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेर नसेल तर ते रिटर्न्ड लेटर ऑफिसात जाते. पत्र उघडून पत्ता शोधण्याचा अधिकार फक्त तिथे असतो, इतर कोणत्याही पोस्टात नाही. कथेतले पोस्टमास्तर आणि कारकून ते पत्र कबरीवर नेऊन ठेवतात. भावनेने ते योग्य असेल. पण नियमाने ते पत्र मरियमकडे परत जायला हवे होते, म्हणजे निदान शेरा वाचून तिला बाप गेल्याचे कळले असते. आता ती पंजाबात बसून वडिलांच्या उत्तराची वाट पाहणार, आणि तिलाही उत्तर कधी मिळणार नाही.

वाचनघर

टपालथैली काका, आपला प्रतिसाद वाचून मी कथा पुन्हा काढून वाचली. पत्रात काय आहे हे धूमकेतू कुठेही सांगत नाहीत, आणि मरियमचे पुढे काय झाले हेही नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

धागाकर्त्या बाईंशी मात्र माझा एका बाबतीत मतभेद आहे. धूमकेतू मोठे लेखक आहेत, पण ते भावनेच्या बाजूला झुकलेले लेखक आहेत. शेवटच्या भागात पहाटे दारावर थाप पडते, पोस्टमास्तर दार उघडतात तर काठीवर वाकलेला अली समोर उभा, डोळ्यांत पाणी. आणि मग कळते की अली तीन महिन्यांपूर्वीच वारला आहे. हा प्रसंग मला अनावश्यक वाटतो. पोस्टमास्तरांच्या हातात ते पाकीट आले तिथेच कथेचे काम झालेले आहे. नववीच्या मुलांना भुताची गोष्ट मिळाली की ती तेवढेच लक्षात ठेवतात, बाकी सगळे विसरतात. त्यापेक्षा त्याच काळातले रामनारायण पाठक, म्हणजे ‘द्विरेफ’, वर्गाला अधिक मानवतील असे मला वाटते. त्यांची ‘मुकुंदराय’ वाचून पाहा. शिकून बदललेला मुलगा आणि गावातला बाप यांच्यातला दुरावा त्यांनी कुठेही आवाज न चढवता लिहिला आहे. त्यात भूत नाही, योगायोग नाही.

अकोटा_पालक

माझी मुलगी दहावीत आहे, म्हणून पालकाच्या बाजूने लिहिते. या कथेतले एक वाक्य विचारविस्तारासाठी प्रसिद्ध आहे: माणूस स्वतःची दृष्टी सोडून दुसऱ्याच्या दृष्टीने पाहील तर अर्धे जग शांत होईल, अशा अर्थाचे. शिकवणीत मुलांना त्या वाक्यावर तयार मजकूर लिहून देतात आणि मुली तो पाठ करतात. आपण म्हणता तशी चर्चा मला मनापासून आवडली, पण परीक्षेत मुलांनी काय लिहायचे? ‘आम्हीही हसलो’ हे उत्तरपत्रिकेत लिहिले तर गुण कोण देणार?

सूरसागरकाठ

काका, आपला मोलाचा प्रतिसाद मी छापून शाळेत नेला आहे, त्यावर शेवटी लिहिते. आधी वाचनघर यांच्या आक्षेपाकडे येते, कारण तो गंभीर आहे.

‘मुकुंदराय’ मला अतिशय प्रिय आहे आणि मी ती अकरावीच्या मुलांना वाचायला सांगते. नववीत मात्र मुलाला स्वतःच्या बापाच्या जागी उभे करण्यापूर्वी एका अनोळखी माणसाच्या जागी उभे करणे मला अधिक योग्य वाटते, कारण तिथे त्याला बचाव करावा लागत नाही.

दारात दिसणाऱ्या अलीबद्दल मला असे वाटते की, त्या प्रसंगाला भूत म्हणून शिकवले तर आपली तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण लेखकाने तो कसा मांडला आहे ते पाहू. रात्रभर पोस्टमास्तर झोपलेले नाहीत. मुलीची काहीच बातमी नाही. पहाट होताच आपण स्वतः ते पत्र अलीला द्यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवलेले आहे. ज्या पहाटेच्या वेळी अली पाच वर्षे येत होता त्याच वेळी दारावर थाप पडते, आणि आजवर एकदाही नीट न पाहिलेला त्याचा चेहरा पोस्टमास्तर त्या दिवशी पाहतात. लगेच कारकून आत येतो. पत्र दाराजवळ पडलेले सापडते. ते पडले कसे, अली खरेच आला होता का, यातल्या कशाचाही उलगडा लेखक करत नाही. वर्गात मी मुलांना दोन गट करून भांडू देते: एक गट म्हणतो अली आला होता, दुसरा म्हणतो तो पोस्टमास्तरांच्या मनाचा खेळ होता. मी निकाल देत नाही. मात्र बाजू कोणतीही असो, प्रत्येक विधानासाठी कथेतली ओळ दाखवलीच पाहिजे, ही अट कडक असते. भुताच्या लोभाने का होईना, मुले ती दोन पाने इतक्या वेळा उलटसुलट वाचतात की एरवी मी सांगून त्यांनी तेवढी वाचली नसती. शिवाय कथा तिथे संपतही नाही. शेवटी पोस्टमास्तर रात्री शेगडीजवळ, मुलीच्या बातमीची वाट पाहत बसलेले आहेत. त्यांना पत्र आले की नाही हे आपल्याला कळत नाही. अलीची जागा आता त्यांनी घेतली आहे, फक्त त्यांच्याजवळ निखारे आहेत आणि डोक्यावर छप्पर आहे. हा फरक मुलांनी स्वतः शोधून काढावा अशी माझी इच्छा असते आणि बहुतेक तुकड्यांत एखादा तरी तो शोधतो.

अकोटा_पालक ताई, आपली काळजी रास्त आहे. ते वाक्य सुंदर आहे आणि मी ते टाळत नाही. मी ते फक्त सर्वांत शेवटी घेते. अडचण अशी आहे की ते वाक्य आधी हातात दिले की कथा त्या वाक्याचे उदाहरण बनते आणि मुले ती वाचायची थांबतात. दुसऱ्याच्या दृष्टीने पाहावे हे तर पहिलीतल्या मुलालाही तोंडपाठ असते. पण पोस्टमास्तरांना ते केव्हा जमले? स्वतःच्या मुलीचे पत्र येईना तेव्हा. म्हणजे स्वतःवर आल्याशिवाय त्यांना ते जमलेच नाही, आणि तोवर अलीसाठी फार उशीर झाला होता. विचारविस्तारात मुलीने हे कथेच्या आधाराने लिहिले तर कोणताही समंजस परीक्षक तिला तयार मजकुरापेक्षा अधिक गुण देईल. माझ्या घटक चाचणीत मी या कथेवर ‘पात्रचित्रण करा’ असा प्रश्न घालत नाही. मी विचारते की, पाकीट हातात येण्यापूर्वी पोस्टमास्तरांनी अलीशी जे वागणे केले त्यातले कोणते वागणे कोणत्याही व्यवहारी अधिकाऱ्याने केले असते, आणि कोणते केले नसते? या प्रश्नाचे उत्तर शिकवणीच्या वहीत सापडत नाही.

कर्वेनगर_सर

पुण्यात इंग्रजी शिकवतो. मी ही कथा ‘द लेटर’ म्हणूनच ओळखतो आणि ती मूळ गुजराती असल्याचे कित्येक विद्यार्थ्यांना वर्ष संपेपर्यंत माहीत नसते, याचे वाईट वाटते. धाग्यातली चर्चा उत्तम चालली आहे म्हणून एक सूचना करतो.

हिच्या जोडीला चेखव यांची ‘वांका’ वाचून घ्या. 1886 सालची, अगदी लहान कथा आहे. एका तासात वाचून होते. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत एका चांभाराकडे कामाला ठेवलेला आहे. नाताळच्या आदल्या रात्री मालक प्रार्थनेला गेलेला असताना तो चोरून आजोबांना पत्र लिहितो, मला इथून घेऊन जा म्हणून विनवतो, आणि पाकिटावर पत्ता लिहितो: खेड्यात आजोबांना. मग थोडा विचार करून त्यात आजोबांचे नाव घालतो, धावत जाऊन ते पेटीत टाकतो आणि समाधानाने झोपी जातो. माझा अनुभव असा आहे की मुले पत्त्यापाशी आधी हसतात आणि क्षणभराने गप्प होतात. लेखक कुठेही ‘बिचारा’ म्हणत नाही. तिथे न पोहोचणारे पत्र लिहिणारा आहे, आणि आपल्या कथेत पोहोचलेले पत्र घ्यायला माणूस नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की लेखकाने किती सांगावे आणि किती सोडावे, हा वाचनघर यांचा मुद्दाही मुलांना आपोआप उमजतो.

रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ (1912) हे नाटकही आठवते, पण नववीच्या तीन-चार तासांत तेवढे सगळे बसणार नाही.

वाचनघर

सर, ‘वांका’ची जोड फार चपखल आहे. बाईंनी दाराच्या प्रसंगाबद्दल लिहिलेले वाचून माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. वर्गात वाचताना कथेची ती बाजू उपयोगी पडत असेल हे मान्य करते. कथा म्हणून मला अजूनही पाकिटापाशीच थांबावेसे वाटते.

शिकारीच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले नाही म्हणून माझे मत सांगते. तो भाग अजिबात गाळू नका. बऱ्याच संक्षिप्त आवृत्त्यांत तो एका ओळीत उरकलेला असतो आणि मग अली जन्मापासून गरीब, भोळा, दुबळा म्हातारा वाटू लागतो. मूळ कथेतला अली हुशार शिकारी आहे. इतरांना जिथे नुसते गवत दिसते तिथे त्याच्या नजरेला दडलेले तित्तर दिसते, आणि ते त्याच्या हातून सुटत नाही. मरियम गेल्यावर एके दिवशी शिकारीला गेलेला असताना त्याला रानात एकाएकी एकटेपणा जाणवतो, आपण मारलेल्या पाखरांची सैरभैर झालेली पिले आठवतात, आणि तो झाडाखाली बसून रडतो. त्या दिवशी बंदूक सुटते आणि पोस्टाची पायरी सुरू होते. म्हणजे दुसऱ्याचे दुःख न दिसण्याचा दोष फक्त पोस्टमास्तरांचा नव्हता; अलीचाही तो होता आणि त्यालाही स्वतःच्या मुलीच्या विरहानेच तो कळला. आपण धाग्याच्या सुरुवातीला जे म्हटले आहे की मुले अलीची कीव करून मोकळी होतात, त्यावरचा उतारा याच भागात आहे. अलीही कधी काळी दाराच्या आतल्या बाजूला होता.

सूरसागरकाठ

वाचनघर, हे आपण इतके नेमके लिहिले आहे की मी पुढच्या वर्षी क्रमच बदलणार आहे. आतापर्यंत शिकारीचा भाग वाचून पुढे जात होते. आता तित्तराची पिले आणि पोस्टमास्तरांची आजारी मुलगी हे दोन परिच्छेद मुलांना शेजारी शेजारी ठेवून वाचायला देईन आणि दोन्हींत काय सारखे आहे ते त्यांनाच लिहायला सांगेन. ‘वांका’चे मराठी वा गुजराती भाषांतर वर्गात वाचण्याजोगे कोणाकडे असेल तर कळवावे, नसेल तर सुट्टीत मी स्वतः गुजरातीत करीन.

आता काकांच्या प्रश्नाबद्दल. मी तो प्रतिसाद वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवला आणि विचारले की पत्र कबरीवर ठेवणे बरोबर की मरियमकडे परत पाठवणे बरोबर? इतका वाद या वर्गात आजवर झालेला नव्हता. एका बाजूचे म्हणणे असे होते की वचन दिले होते, त्यासाठी माणसाने आपली शेवटची पुंजी दिली होती, आणि मेलेल्या माणसाला दिलेले वचन मोडण्याची भीती नसते म्हणूनच ते पाळायला हवे. दुसऱ्या बाजूला बहुतेक मुली होत्या. त्यांनी मरियमचा पक्ष घेतला. त्यांच्यातली एक म्हणाली की संपूर्ण कथेत मरियम एकदाही बोलत नाही. पाच वर्षे तिने पत्र का लिहिले नाही हेही कोणी विचारत नाही. कदाचित तिला लिहिता येत नसेल, कदाचित कोणाकडून लिहून घ्यावे लागत असेल, कदाचित घरातले लिहू देत नसतील. आणि आता तिच्या बापासाठी रडणाऱ्या त्या दोघांनाही तिला कळवावेसे वाटले नाही. मी यावर काहीही बोलले नाही, कारण त्या मुलीने कथेत जे नव्हते ते दाखवले होते आणि ते कथेच्या विरोधात जाऊन नव्हे, कथेवर प्रेम करूनच दाखवले होते.

शेवटी एका मुलाने विचारले की दोन्ही करता आले नसते का? पत्र कबरीवर ठेवायचे आणि पोस्टमास्तरांनी स्वतः मरियमला लिहायचे. तोच गृहपाठ मी दिला आहे: पोस्टमास्तरांनी मरियमला लिहिलेले पत्र. लांबी एका पोस्टकार्डाएवढीच. कार्डे अजून पन्नास पैशांना मिळतात म्हणून मी पोस्टातून आणून प्रत्येकाला एकेक दिले आहे, कारण वहीच्या पानावर मुले पसरट लिहितात आणि कार्डावर प्रत्येक शब्द तोलावा लागतो. काय सांगायचे, थट्टा केल्याचे कबूल करायचे की नाही, स्वतःच्या मुलीबद्दल लिहायचे की नाही, हे सगळे त्यांनी ठरवायचे आहे.

टपालथैली

बाई, पोस्टमास्तर असे पत्र लिहू शकतात, त्याला कोणताही नियम आड येत नाही. मुलांना एक सांगा: कार्डाच्या ज्या बाजूला पत्ता लिहायचा असतो तिथे उजवा अर्धा भाग पत्त्यासाठी मोकळा सोडावा लागतो, मजकूर डाव्या अर्ध्यावर आणि मागच्या बाजूवरच येतो. जागा आणखी कमी होईल, पण खरे पत्र तसेच असते. आणि उघडे कार्ड वाटेत कोणीही वाचू शकते, तेव्हा मृत्यूची बातमी कार्डावर लिहायची की पाकिटात, हाही विचार त्यांना करू द्या. आमच्या वेळी अशी कार्डे आली की आम्हांला ती न वाचताच ओळखू येत, कारण कोपरा फाडलेला असे.

अकोटा_पालक

काका, कोपरा फाडलेले कार्ड आमच्याकडेही माहीत आहे; माझ्या आजी ते हातात घेण्याआधीच खाली बसत असत. माझ्या मुलीला मी हा धागा वाचायला दिला. तिने पाठ केलेला विचारविस्तार बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतला आहे, आणि मरियमच्या बाजूने लिहिले तर चालेल का, असे बाईंना विचारायला सांगितले आहे.

सूरसागरकाठ

ताई, अवश्य चालेल. वाक्याचा अर्थ सुटू देऊ नये आणि प्रत्येक मुद्द्याला कथेतला प्रसंग जोडावा, एवढे तिला सांगा. काका, कार्डाच्या उजव्या भागाची आणि फाडलेल्या कोपऱ्याची माहिती मी उद्याच वर्गात देते. गृहपाठ जमा झाल्यावर एखाद्या दुपारी आपण शाळेत येऊन मुलांना टपाल लावण्याचे काम करून दाखवाल का? मुख्याध्यापकांशी बोलून तारीख मी आपल्याला निरोपातून कळवते.